भाड्याचे घर सोडताना : नोटिशीची मुदत आणि ताब्याची पावती

घर भाड्याने घेताना मनुष्य दहा गोष्टी पाहतो. पाणी किती वेळ येते, शेजार कसा आहे, बाजार किती लांब आहे याची चौकशी करतो; भाड्याबद्दल घासाघीसही करतो. तेच घर सोडताना मात्र त्याचे सारे लक्ष सामानाची बांधाबांध आणि नवी जागा यांकडे असते. जुन्या जागेचा व्यवहार रीतसर कसा मिटवावा याचा विचार फार थोडे लोक करतात, आणि वर्षानुवर्षांचा चांगला घरोबा शेवटच्या महिन्यात बिघडतो.

आपल्या समाजात घरमालकही आहेत आणि भाडेकरूही आहेत. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत वडिलोपार्जित घरातील दोन खोल्या भाड्याने देऊन संसाराला हातभार लावणारी कुटुंबे आहेत. बदलीच्या नोकरीमुळे दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणारीही आहेत. शिवाय शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथे खोली घेऊन राहणारी आपली मुले-मुली आहेत. तेव्हा हा विषय कोणा एका पक्षाची वकिली करण्यासाठी नव्हे, तर दोन्ही पक्षांचे हित कशात आहे हे समजून घेण्यासाठी येथे मांडला आहे. कायद्याचा आधार जेथे घ्यावा लागेल तेथे तो सोप्या भाषेत दिला आहे.

१. नोटीस म्हणजे काय?

'नोटीस' हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. नोटीस म्हणजे वकील, नोटीस म्हणजे कोर्ट, अशी समजूत होऊन बसली आहे. म्हणून भला भाडेकरू घरमालकिणीला जिन्यात गाठून, "काकू, आम्ही पुढल्या महिन्यात निघतो हं," एवढेच सांगतो. काकूही, "असं का? बरं बरं," म्हणतात. पुढे नेमकी तारीख कोणती ठरली होती याबद्दल दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, आणि मग बोलाचाली सुरू होते.

वास्तविक घर सोडण्याची नोटीस ही भांडणाची सुरुवात नसून भांडण टाळण्याचा उपाय आहे. तिचा अर्थ एवढाच, की "अमुक तारखेला आम्ही जागा रिकामी करणार, तोपर्यंतचा अवधी तुमच्या तयारीसाठी आहे."

हा अवधी का लागतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका विधवा बाईंनी वरच्या मजल्यावरील दोन खोल्या दरमहा १२,००० रुपयांनी भाड्याने दिल्या आहेत आणि २४,००० रुपये अनामत घेतली आहे. महिन्याचा किराणा, औषधे आणि विजेचे बिल त्या भाड्यातून भागते. भाडेकरू गृहस्थांची बदली इंदूरला होते. नव्या जागेची अनामत भरण्यासाठी त्यांना आपले २४,००० रुपये लगेच हवे असतात. त्यांनी २८ तारखेला सांगितले की आम्ही १ तारखेला निघतो, तर बाईंचे पुढच्या महिन्याचे उत्पन्न बुडते, आणि तीन दिवसांत २४,००० रुपये उभे करणे त्यांना जमत नाही. गृहस्थांचीही अडचण होते, कारण त्यांचे पैसे अडकतात. दोघेही सज्जन, दोघेही अडचणीत.

तीच गोष्ट एक महिना आधी कळली असती तर बाईंनी चार ठिकाणी सांगून ठेवले असते. नवा भाडेकरू येऊन जागा पाहून गेला असता. अनामतीची रक्कम बँकेतून काढून ठेवता आली असती. म्हणजे नोटिशीची मुदत हा निव्वळ कायद्याचा उपचार नव्हे. एका घराचे उत्पन्न आणि दुसऱ्या घराची ठेव, दोन्ही सांभाळणारा तो काळ आहे.

२. आधी करार, मग कायदा

किती दिवसांची नोटीस द्यावी, या प्रश्नाचे पहिले उत्तर भाडेकरारात शोधावे. करारात एक महिना लिहिला असेल तर एक महिना, दोन महिने लिहिले असतील तर दोन महिने. पुष्कळ लोक करार सही करून कपाटात ठेवतात तो पुन्हा उघडीतच नाहीत. घर सोडण्याचा विचार मनात येताच प्रथम तो कागद बाहेर काढावा आणि चार गोष्टी तपासाव्या : कराराची मुदत कधी संपते, नोटीस किती दिवसांची आहे, मुदतीआधी निघण्यास मनाई आहे काय, आणि अनामत केव्हा परत करावयाची आहे.

करारच नसेल, किंवा त्यात नोटिशीविषयी काहीच लिहिले नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०६ लागू पडते. त्याचे सार असे : निराळा करार, स्थानिक कायदा किंवा रूढी नसेल, तर राहण्यासाठी घेतलेल्या घराचे भाडे महिन्या-महिन्याचे समजावे, आणि मालक व भाडेकरू यांपैकी कोणीही पंधरा दिवसांची नोटीस देऊन ते संपवू शकतो. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी घेतलेल्या जागेचे भाडे मात्र सालोसालचे धरले जाते आणि तेथे सहा महिन्यांची नोटीस लागते.

हे पंधरा दिवस म्हणजे कायद्याने आखलेली किमान रेषा होय. व्यवहारात महिन्याचा अवधी देणे चांगले. विशेषतः ज्या घरी भाडे हेच मुख्य उत्पन्न आहे तेथे तर अवश्य द्यावा.

३. दिवस कसे मोजावे?

येथे पुष्कळांची गफलत होते. पूर्वी कलम १०६ प्रमाणे नोटिशीचे पंधरा दिवस भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपावे लागत. भाडे महिन्याच्या १ तारखेपासून धरलेले असेल, तर नोटीस ३० किंवा ३१ तारखेला संपणारी हवी. मधल्या तारखेला संपणारी नोटीस निरुपयोगी ठरे. या एका मुद्द्यावर कितीतरी नोटिसा कोर्टात बाद झाल्या. पुढे या कलमात दुरुस्ती झाली आणि ती ३१ डिसेंबर २००२ पासून अमलात आली. आता महिनाअखेरची ती अट उरलेली नाही. मात्र करारातच तशी अट लिहिली असेल तर ती पाळावी लागते. जुन्या मंडळींकडून ऐकलेला नियम म्हणून तो आजही सर्वत्र लागू आहे असे समजू नये.

दुरुस्त कलमाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. मुदत सुरू होते ती नोटीस लिहिल्याच्या किंवा टपालात टाकल्याच्या दिवसापासून नव्हे, तर ती समोरच्याला मिळाल्यापासून. नोटीस ज्या दिवशी मिळाली तो दिवस सोडून पुढच्या दिवसापासून मोजणे, हा सुरक्षित मार्ग होय.

उदाहरण पहिले. करारात नोटिशीचा उल्लेख नाही. भाडेकरूने ८ जूनला नोटीस टपालात टाकली, मालकाला ती १२ जूनला मिळाली. १३ जून हा पहिला दिवस धरला, तर पंधरावा दिवस २७ जून येतो. ८ जूनपासून मोजून २३ जूनलाच आपली जबाबदारी संपली असे भाडेकरूने समजू नये.

उदाहरण दुसरे. करारात एक महिन्याची नोटीस आहे आणि ती १२ जूनला मिळाली. मुदत १२ जुलैला पुरी होते. 'महिना' म्हणजे इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे महिना. तीस दिवस असे करारात स्पष्ट लिहिले असेल तरच तीस दिवस मोजावे.

उदाहरण तिसरे. करारात 'महिनाअखेर संपणारी एक महिन्याची नोटीस' असे शब्द आहेत आणि नोटीस १२ जूनला मिळाली. एक महिना १२ जुलैला होतो, पण अखेर ३१ जुलैला येते. तेव्हा भाडे ३१ जुलैपर्यंत द्यावे लागेल. हीच नोटीस ३० मे रोजी पोहोचती केली असती तर ३० जूनला सुटका झाली असती. तेरा दिवसांचा उशीर आणि एका महिन्याचे भाडे, असा हा हिशेब आहे.

पहिल्या उदाहरणातील गृहस्थ २७ जूनला ताबा देतात, तर त्या महिन्याचे भाडे किती? दिवसांप्रमाणे आकारावयाचे असे दोघांत ठरले, तर १२,००० रुपयांना ३० ने भागून दिवसाचे ४०० आणि २७ दिवसांचे १०,८०० रुपये होतात. ही गोष्ट नोटीस देतानाच बोलून लिहून घ्यावी; सामान टेम्पोत चढल्यावर हा विषय काढू नये.

४. मुदतीचा करार आणि अकरा महिन्यांची प्रथा

एक वर्षाहून अधिक मुदतीचा, किंवा सालोसालचा, भाडेपट्टा नोंदणी केल्यावाचून होत नाही, असा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ चा नियम आहे. या नोंदणीतून वाट काढण्यासाठी अकरा महिन्यांचे करार करण्याची प्रथा देशभर पडली. काही राज्यांत आता कमी मुदतीच्या करारांचीही नोंदणी लागते, हे लक्षात ठेवावे.

मुदतीचा करार मुदत संपताच आपोआप संपतो. त्यासाठी निराळ्या नोटिशीची कायद्याने गरज नाही. तरी महिनाभर आधी 'आम्ही पुढे राहणार नाही' असे कळविणे सभ्यपणाचे आणि सोयीचेही होय.

खरी अडचण मुदतीच्या मध्येच निघावे लागले तर येते. अकरा महिन्यांचा करार आहे, पाचव्या महिन्यात बदली झाली, आणि मधेच सोडण्याची तरतूद करारात नाही. अशा वेळी 'पंधरा दिवसांची नोटीस दिली की झाले' ही समजूत चुकीची आहे, कारण पंधरा दिवसांचा नियम महिन्या-महिन्याच्या भाड्यासाठी आहे. येथे मालकाशी बोलून संमतीने करार संपविणे हाच राजमार्ग. दोघांच्या संमतीने भाडेपट्टा केव्हाही संपविता येतो, आणि तसे झाल्यास नोटिशीचे दिवस मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त ती संमती लेखी असावी.

संमती मिळाली नाही तरी मालकाने उरलेल्या साऱ्या महिन्यांचे भाडे डोळे मिटून मागावे असे नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाई ठरविताना, नुकसान टाळण्याचे कोणते उपाय हाती होते हेही पाहिले जाते. जागा महिन्याभरात दुसऱ्याला देता येण्यासारखी असता मालक हात बांधून बसला, तर त्याची मागणी तेवढी दुबळी होते. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते; लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा होय.

मुदत संपल्यावरही भाडेकरू राहत राहिला आणि मालक भाडे घेत राहिला, तर काय? निराळा करार नसेल तर ते भाडे महिन्या-महिन्याचे होते. आपल्याकडे असे व्यवहार पुष्कळ आहेत : करार एकदाच झाला, आणि पुढे आठ वर्षे तोंडी चालले. अशांनी घर सोडताना जुन्या करारात लिहिलेली नोटिशीची मुदतच पाळावी, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

५. पुण्या-मुंबईकडील लीव्ह अँड लायसन्स

महाराष्ट्रात आपली मुले ज्या कागदावर सही करतात तो बहुधा भाडेपट्टा नसून 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे वापरण्याच्या परवानगीचा करार असतो. हा निराळा प्रकार आहे. पंधरा दिवसांचा नियम भाडेपट्ट्यासाठी आहे, परवानगीसाठी नाही. म्हणून येथे करारातील शब्द हाच आधार. पहिले काही महिने कोणालाच करार मोडता येणार नाही, असे कलम त्यात पुष्कळदा असते. त्याला 'लॉक-इन' म्हणतात. सही करण्यापूर्वी ते कलम मुलांनी वाचावे आणि आईबापांनीही वाचावे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे असा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दुसऱ्या बाजूस, राहण्याच्या जागेच्या परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यावर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाईचा बोजा पडतो. 'चार दिवस जास्त राहिलो तर काय झाले' असे मुलांनी म्हणू नये.

६. नोटीस कोणी, कोणाला व कशी द्यावी?

कलम १०६ प्रमाणे नोटीस लेखी असावी आणि तिच्यावर देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने सही असावी. ती टपालाने पाठवावी किंवा समक्ष द्यावी. तो मनुष्य घरी नसेल तर त्याच्या राहत्या घरी कुटुंबातील व्यक्तीकडे किंवा नोकराकडे देता येते. यांपैकी काहीच शक्य नसेल तर जागेच्या ठळक भागी चिकटविण्याची सोय कायद्याने ठेवली आहे.

घरमालक त्याच वाड्यात राहत असेल तर सर्वांत सोपी रीत अशी : पत्राच्या दोन प्रती कराव्या, एक हाती द्यावी आणि दुसरीवर 'मिळाली', तारीख आणि सही घ्यावी. यात कोणाचा अपमान नाही. सही घेणे संकोचाचे वाटत असेल, किंवा मालक परगावी असेल, तर टपालाने पाठवावे. पूर्वी यासाठी रजिस्टर्ड टपाल वापरीत. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोच झाल्याचा पुरावा मागून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरील निरोप पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण केवळ त्यावर विसंबू नये.

जुन्या घरांच्या बाबतीत एक विशेष काळजी घ्यावी. मूळ मालक वारले, चार भावांत वाटणी व्हावयाची आहे, भाडे थोरले दादा घेतात, अशी स्थिती असेल तर पत्र सर्व वारसांच्या नावाने लिहावे. उलट, मूळ भाडेकरू वारले असतील तर भाडेहक्क सामान्यतः त्यांच्या वारसांकडे जातो. म्हणून घर सोडण्याच्या पत्रावर एकट्या मुलाची सही न घेता आई, भाऊ, बहिणी या सर्वांच्या सह्या घ्याव्या. मालकाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. एकाने किल्ली दिली आणि दुसऱ्याने दोन वर्षांनी हक्क सांगितला, असे होऊ नये.

आणखी एक. नोटीस देऊन मुदत संपल्यावरही भाडेकरू राहिला, त्याने भाडे दिले आणि मालकाने ते पूर्वीप्रमाणे घेतले, तर दोघांनी ती नोटीस सोडून दिली असा अर्थ निघू शकतो. बेत बदलला तर तसे स्पष्ट लिहून द्यावे. आणि पुन्हा निघावयाचे ठरले तर नवी नोटीस द्यावी.

७. पत्राचा नमुना

दिनांक : ..........

श्रीमती .......... यांस,

सा. न. वि. वि.

आपल्या मालकीच्या .......... येथील वरच्या मजल्यावरील दोन खोल्या आम्ही दरमहा रुपये .......... भाड्याने वापरीत आहोत. आमची बदली झाल्यामुळे ही जागा सोडण्याचे ठरविले आहे. त्याबद्दल ही लेखी सूचना देत आहोत. ठरल्याप्रमाणे एक महिन्याचा अवधी ठेवून दिनांक .......... रोजी जागा रिकामी करून तिचा ताबा आपणास देऊ. त्या दिवशी सकाळी .......... वाजता आपण समक्ष जागा पाहून घ्यावी आणि हिशेब पुरा करावा, ही विनंती. आमची अनामत रुपये .......... आपल्याकडे जमा आहे. नव्या भाडेकरूस जागा दाखवावयाची असल्यास आदल्या दिवशी कळवावे. आम्ही सोय करू.

आपला,
..........

वरील सूचना मिळाली. दिनांक .......... सही ..........

पत्रात राग, टोमणे, पाणीपुरवठ्याच्या जुन्या तक्रारी यांपैकी काहीही लिहू नये. तारीख, जागा आणि सही, एवढ्यानेच ते पत्र काम करते.

८. नोटीस दिली म्हणजे घर सोडले असे नाही

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. नोटीस देणे, मुदत पुरी होणे आणि ताबा देणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सामान नेले, पण खोलीला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात घेऊन गेला, तर भाडेकरूने ताबा दिला असे होत नाही. रिकाम्या खोलीच्याही भाड्याची किंवा भरपाईची मागणी त्याच्याकडे येऊ शकते. भाडेपट्टा संपताच मालकाला ताबा देणे, हे भाडेकरूचे कर्तव्य म्हणून कायद्याच्या कलम १०८ मध्येच सांगितले आहे.

त्याच कलमाप्रमाणे जागा जशी घेतली तशा स्थितीत परत करावयाची असते; मात्र रोजच्या वापराने होणारी झीज आणि मनुष्याच्या हाताबाहेरची आपत्ती यांना त्यातून सूट आहे. पाच वर्षांत भिंतीचा रंग फिका पडला, उंबरठा घासला गेला, ही झीज झाली. वॉशबेसिन फुटले, दाराची फळी उचकटली, ही मोडतोड झाली. झिजेचे पैसे मालकाने कापू नयेत. मोडतोडीचे भाडेकरूने नाकारू नयेत. स्वखर्चाने लावलेले पंखे, फळ्या वगैरे भाडेकरूने ताबा देण्यापूर्वीच काढून न्यावे आणि भिंतीची भोके बुजवून द्यावी. घरात शिरण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घेतली, तर अर्धा वाद तेथेच संपतो.

'शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे देत नाही, अनामतीतून वळते करा,' असे परस्पर म्हणण्याचा अधिकार भाडेकरूला नाही. करारात तसे असेल किंवा मालकाने मान्य केले असेल तरच ते चालते. त्याचप्रमाणे अनामत ही मालकाची कमाई नव्हे. ती दुसऱ्याची ठेव आहे. घराच्या दुरुस्तीत किंवा मुलीच्या लग्नात ती खर्च झाली असेल, तरी नोटीस मिळाल्या दिवसापासून ती उभी करण्यास लागले पाहिजे.

उत्तम मार्ग म्हणजे किल्ली आणि अनामत यांची देवघेव एकाच बैठकीत व्हावी. विजेच्या मीटरचे आकडे टिपावे, पाण्याचे व सोसायटीचे देणे पाहावे, हिशेब एका कागदावर मांडावा, आणि शेवटी अशी पावती करावी :

"दिनांक .......... रोजी .......... येथील जागेचा रिकामा ताबा आणि .......... किल्ल्या मिळाल्या. मीटरचा आकडा ........... भाडे या दिवसापर्यंत पोहोचले. अनामत रुपये .......... पैकी .......... या कारणासाठी रुपये .......... वजा करून रुपये .......... परत दिले. उभयतांचे एकमेकांकडे काही येणे-देणे राहिले नाही."

खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. ही चार ओळींची पावती नसेल तर बाकीची सारी दक्षता अपुरी राहते.

मालक किल्ली घेण्यासच तयार नसेल, तर भाडेकरूने काय करावे? तारीख आणि वेळ देऊन, ताबा देण्यास आपण तयार आहोत असे लेखी कळवावे, दोन साक्षीदारांसमक्ष किल्ली देऊ करावी आणि घडलेला प्रकार पुन्हा पत्राने कळवावा. अनामत अडली तर ती वसूल करण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन लोकअदालतीत तडजोड करून पाहावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते; आपल्या भगिनींनी, मग त्या घरमालकीण असोत वा भाडेकरू, याचा अवश्य लाभ घ्यावा.

९. थकलेल्या भाड्याची नोटीस निराळी

आतापर्यंत पाहिली ती घर सोडण्याची नोटीस. मालक थकलेल्या भाड्यासाठी जी मागणीची नोटीस देतो, ती वेगळी. भाडे नियंत्रण कायदा ज्या जागांना लागू आहे, तेथे अशी नोटीस दिल्यावर ठराविक काळ थांबल्यावाचून थकबाकीसाठी ताब्याचा दावा करता येत नाही. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा १९६० च्या विभाजनानंतर गुजरातेत पुढे चालू राहिला. त्यात हा काळ एक महिन्याचा आहे. इंदूर आणि ग्वाल्हेरकडे लागू असलेल्या मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या कायद्यात तो दोन महिन्यांचा आहे, तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात नव्वद दिवसांचा. या काळात थकबाकी भरली तर भाडेकरूचे घर त्या कारणावरून जात नाही. तेव्हा अशी नोटीस आली असता ती फडताळात टाकून देणे म्हणजे हातचा उपाय घालविणे होय.

भाडे नियंत्रण कायद्याखाली मालकाने ताबा मागताना कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस निराळी द्यावी लागते काय, यावर पूर्वी मतभेद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ साली धनपाल चेट्टियार खटल्यात तशी गरज नसल्याचे ठरविले. म्हणून 'पंधरा दिवसांची नोटीस आली नाही, आता मालक काय करणार' या भरवशावर कोणी राहू नये. तसेच मालकाने नोटीस देऊन वीज-पाणी तोडणे किंवा कुलूप बदलणे हा मार्ग धरू नये. ताबा कायद्याच्या मार्गानेच मागावा लागतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी एक आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला आहे. राहण्याच्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, करार लेखी असावा, आणि ताबा घेतेवेळीच देणे वजा करून अनामत परत करावी, अशी त्याची दिशा आहे. हा केवळ नमुना आहे. एखाद्या राज्याने तो स्वीकारून स्वतःचा कायदा केला तरच तेथे तो लागू होतो. परंतु नवे करार करताना या तिन्ही गोष्टी आपण होऊन लिहिण्यास कोणाचीच मनाई नाही.

१०. तात्पर्य

घर सोडण्याचा बेत ठरताच करार काढून वाचावा. करारात मुदत असेल तर ती, नसेल तर निदान पंधरा दिवस, आणि बनेल तर महिनाभर आधी लेखी सूचना द्यावी. दिवस सूचना मिळाल्यापासून मोजावे. मुदतीचा करार मधेच सोडावयाचा असेल तर लेखी संमती घ्यावी. जागा स्वच्छ करून, किल्ली हातात देऊन, अनामत घेऊन, पावतीवर सह्या करून मगच उंबरठा ओलांडावा. घरमालकांनीही पत्र आले म्हणून रागावू नये. ज्याने महिनाभर आधी लिहून कळविले, त्याने आपल्या अडचणीची आठवण ठेवली असे समजावे आणि त्याची ठेव वेळेवर परत करावी.

शेजारधर्म पाळणारी माणसे लेखी व्यवहाराला कमीपणा मानतात. पण तोंडी व्यवहारात शेवटी एकाच्या आठवणीवर दुसऱ्याला विश्वास ठेवावा लागतो, आणि पैशाची निकड असली की आठवणी दगा देतात. ज्या घरात आपली मुले रांगली, दिवाळीला जेथून फराळाची ताटे गेली-आली, त्या घरी पुन्हा कधी सहज जाता यावे, असे वाटत असेल तर हिशेब चोख करून निघणे हाच त्याचा उपाय आहे.